उसनं अवसान आपलं कधी होतं? नागपुरात नव्यानं आलेल्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैत आमच्या अभ्यासिकेत नवी मुलं-मुली येतात. कुणी गोंदियाचं, कुणी देसाईगंजचं, कुणी उमरेडजवळच्या खेड्यातलं. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडून मुलाखतीची तयारी करून घेते. पहिल्या दोन-तीन रविवारांत एक प्रश्न हमखास येतो: "ताई, सगळे सांगतात, आत्मविश्वास असल्यासारखं वागा, मग तो आपोआप येतो. खरं आहे का हे?"

अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, ते कळावं म्हणून हा लेख.

आपल्याकडे यासाठी दोन जुने शब्दप्रयोग आहेत. एक, उसनं अवसान आणणं. दुसरा, भीड चेपणं. अवसान उसनं आणता येतं, अगदी आज संध्याकाळी आणता येतं. त्या अवसानाच्या जोरावर आपण एखादी गोष्ट करून पाहतो, मग पुन्हा करतो, दहाव्यांदा करतो, आणि तेव्हा भीड चेपते. नुसतं अवसान आणून घरी बसलं तर काही होत नाही. आणि उसनं म्हटलं की फेडणं आलंच. इथे फेड करायची ती तयारीनं आणि सरावानं. ती केली नाही, तर ऐन वेळी तोंडघशी पडायला होतं. माझ्यावर ती वेळ आली होती, म्हणून पहिली पायरी तिथूनच.

पायरी १: सोंग कशाचं आणायचं, ते आधी ठरवा

पवनीजवळच्या गावातून मी नागपुरात आले ती बी.कॉम. होऊन. गांधीबागेत एका घाऊक दुकानात हिशेबाच्या कामाला मुलगी हवी होती. मला कुणीतरी बजावलं होतं, काहीही विचारलं तरी 'हो, येतं' म्हणायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. मालकांनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारलं, "टॅली येतं?" मी ताठ बसून म्हटलं, "हो." त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि एक पावती पुढे सरकवली, "हे पेमेंट टाका." पेमेंटचं व्हाउचर उघडायला एफ फाइव्ह दाबायचं, एवढंही मला ठाऊक नव्हतं. हात कीबोर्डवर तसेच राहिले. मालक रागावले नाहीत. पावती परत घेतली आणि म्हणाले, "राहू द्या बाई." तो जिना उतरताना मला जे वाटलं, ते आज वीस वर्षांनीही आठवतं.

दुसऱ्या दुकानात मी म्हटलं, "टॅली येत नाही. रोजमेळ आणि खतावणी हातानं नीट लिहिता येते. पंधरा दिवस द्या, टॅली शिकते." आवाज थोडा कापत होता, पाठ मात्र तशीच ताठ होती. काम मिळालं.

दोन्ही वेळा मी सोंगच आणलं होतं. पहिल्यांदा माहितीचं, दुसऱ्यांदा धिटाईचं. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही' असं आपण म्हणतो. त्यात माहितीचं सोंगही धरा.

आता वहीचं एक पान घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा: बसणं, उभं राहणं, आवाज, पहिलं वाक्य, नजर, चालण्याची गती. याचं सोंग खुशाल आणा, कुणाचंही नुकसान होत नाही. उजवीकडे लिहा: सॉफ्टवेअर, अनुभवाची वर्षं, आधीचा पगार, इंग्रजीची पातळी, न वाचलेलं पुस्तक. या बाजूचं काहीही येत असल्याचं भासवायचं नाही. ते शिकायचं, नाहीतर 'येत नाही' म्हणायचं. हे पान जपून ठेवा, पुढे लागेल.

पायरी २: 'आत्मविश्वास' नको, एक प्रसंग निवडा

"माझ्यात कॉन्फिडन्सच नाही" असं सांगणाऱ्या एका मुलाशी बोलता बोलता कळलं की तो सुट्टीत वडिलांसोबत कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन जातो. तिथे व्यापाऱ्यांच्या गर्दीत भाव पाडून मागणाऱ्याला तो ठणकावून परत पाठवतो. तोच मुलगा बँकेच्या खिडकीशी उभा राहिला की त्याची बोबडी वळते. मग त्याच्यात आत्मविश्वास आहे की नाही? संत्र्याच्या ढिगापाशी आहे, बँकेत नाही.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली हेच मांडलं. 'मला हे जमेल' ही भावना त्या-त्या कामापुरती असते, आणि ती चार वाटांनी येते: ते काम स्वतः करून जमल्यानं, आपल्यासारख्या कुणाला ते जमताना पाहिल्यानं, विश्वासातल्या माणसानं धीर दिल्यानं, आणि आपलं शरीर त्या वेळी काय सांगतं त्यावरून. यात सगळ्यांत पक्की पहिली वाट. बाकीच्या तिन्ही तिच्या मदतीला.

म्हणून प्रसंग नेमका लिहा. 'लोकांशी बोलता येत नाही' असं नको. 'खोलीमालकाला फोन करून डिपॉझिट विचारता येत नाही' असं लिहा.

गांधीजींची गोष्ट मला इथे नेहमी सांगावीशी वाटते. सेवाग्राम आपल्यापासून फार लांब नाही, पण तिथे येण्याच्या खूप आधी, बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ते पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले. डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना, आणि ते खाली बसले. घेतलेली तीस रुपये फी परत केली. पुढे १८९३ मध्ये प्रिटोरियाला त्यांनी तिथल्या भारतीयांची सभा बोलावली आणि व्यापारातल्या सचोटीवर भाषण केलं. ते आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. विषयाची बऱ्यापैकी तयारी करून ते गेले होते. कोर्टात गप्प झालेला माणूस दोनेक वर्षांत सभेत बोलला.

पायरी ३: पाठ, पाय आणि श्वास

सोंगाचा हा भाग सगळ्यांत सोपा, आणि याबद्दलच सगळ्यांत जास्त अतिशयोक्ती केली जाते. २०१० साली डॅना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप या तिघांनी ४२ जणांवर प्रयोग करून सांगितलं की दोन मिनिटं ऐसपैस, दमदार पवित्र्यात राहिलं तर माणसाचे हार्मोन्ससुद्धा बदलतात. २०१२ मधल्या कडी यांच्या भाषणानं ही गोष्ट जगभर पोहोचली. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तोच प्रयोग केला. हार्मोन्समध्ये फरक आढळला नाही. त्या पवित्र्यात राहिलेल्यांना आपण जरा जोरात आहोत असं वाटलं मात्र. २०१६ मध्ये खुद्द कार्नी यांनी जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं त्यांना आता वाटत नाही. त्यामुळे आरशासमोर कमरेवर हात ठेवून उभं राहिल्यानं मुलाखत निघेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तरीही पाठ सरळ ठेवा. पोक काढून, हनुवटी छातीला लावून बोललं की आवाज घशातच अडतो आणि समोरच्याला 'काय?' असं पुन्हा विचारावं लागतं. त्या एका 'काय?'नं आपण आणखी खचतो. दोन्ही पावलं जमिनीवर टेकवा. बोलायच्या आधी श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा, असं तीनदा. हात कुठे ठेवायचे कळत नसेल तर फाइल दोन्ही हातांनी मांडीवर धरा. इतकं पुरे.

पायरी ४: पहिली दोन वाक्यं पाठ करा, मोठ्यानं

सगळं उत्तर पाठ करू नका, मध्येच एक शब्द निसटला की गाडी रुळावरून जाते. पहिली दोन वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत. भीती सगळ्यांत जास्त असते ती तोंड उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात. तेवढं अंतर पाठांतरानं पार पडतं.

सराव मनात करायचा नाही. तोंडानं, आवाज काढून करायचा. खोलीत तिघं-चौघं राहत असाल तर गच्चीवर जा, नाहीतर सकाळी फिरायला अंबाझरीकडे जाल तेव्हा चालता चालता म्हणा.

आणि भाषेबद्दल थोडं थांबून सांगते, कारण याचं दडपण मी वर्षानुवर्षं पाहते आहे. आपली मुलं 'तयारी करतो आहे'ऐवजी 'मी तयारी करून राहिलो' म्हणतात, 'का'ऐवजी 'काहून' म्हणतात, आणि पुण्या-मुंबईचं कुणी समोर असलं की तोंड मिटून घेतात. मुलाखतीसाठी प्रमाण मराठीतली किंवा इंग्रजीतली दोन वाक्यं जरूर तयार करा, ती कामाची गरज आहे. पण ओघात 'करून राहिलो' निघून गेलं तर माफी मागू नका, वाक्य दुरुस्त करायला थांबू नका, पुढे बोलत राहा. ती चूक नाहीच. आपल्या आईची बोली लपवण्यात निम्मी शक्ती गेली, तर उत्तर द्यायला उरेल काय?

पायरी ५: नागपूरची शिडी चढा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही. पहिल्या चार नीट केल्या आणि ही सोडली, तर अवसान उसनंच राहील. लहान प्रसंगापासून मोठ्याकडे जायचं. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची. कंटाळा आला म्हणजे भीड चेपली.

सुरुवात तर्री पोह्याच्या ठेल्यावर करा. सकाळी आठ-साडेआठची गर्दीची वेळ मुद्दाम निवडा. नीट बघा, बुजरी माणसं गर्दीच्या कडेला पैसे हातात धरून उभी असतात आणि त्यांच्यानंतर आलेले खाऊन निघून जातात. ठेलेवाल्याचे दोन्ही हात चालू असतात: प्लेटमध्ये पोहे, त्यावर चण्याची तर्री, कांदा, लिंबाची फोड. तर्रीचा डाव पातेल्यात परत ठेवला की तो क्षणभर मान वर करतो. तो क्षण पकडायचा. त्याच्याकडे बघून "भाऊ" म्हणायचं आणि थांबायचं. त्यानं पाहिलं की मग: "एक प्लेट, तर्री कमी." 'भाऊ'नंतरचं ते अर्ध्या सेकंदाचं थांबणं, त्यासाठीच आपण तिथे गेलोय. घाबरलेला माणूस सगळं एका दमात बोलून टाकतो, आणि कुणी ऐकत नसताना बोलतो. आधी समोरच्याचं लक्ष घ्यायचं, मग बोलायचं. मुलाखतीच्या टेबलाशी, वर्गात, साहेबांच्या केबिनच्या दाराशी हेच करायचं असतं. पाच-सहा सकाळी हे करा. सहाव्या दिवशी तुमचं लक्ष पोह्यांकडे असेल.

नंतर मेट्रोच्या खिडकीवर एक प्रश्न विचारा. लोकमान्य नगरकडून येऊन खापरीला जायचं असेल तर सीताबर्डीला गाडी बदलावी लागते. पाटी वाचून कळतं, तरी माणसाला विचारा: कोणत्या फलाटावर जाऊ? उत्तर ऐका, "धन्यवाद" म्हणा, मग निघा. पळत सुटायचं नाही.

बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवर एखाद्या दुकानात दोन-तीन वस्तू पाहा आणि काही न घेता "आज नको, दादा" म्हणून शांतपणे बाहेर या. ही पायरी कित्येकांना जड जाते. चार शर्ट उलगडून दाखवले म्हणून मनाविरुद्ध पाचवा विकत घेणारी मुलं मी पाहिली आहेत. नकार देता येणं हीदेखील धिटाईच आहे, आणि पुढे पगार ठरवताना ती उपयोगी पडते. दुकानदार नाराज झाला तर? होऊ द्या. त्याचा दिवस पुढे चालू राहतो.

मग फोन. खोली भाड्यानं हवी असो वा नसो, तीन पाट्यांवरचे नंबर घ्या आणि खरोखर जिथे राहायचा विचार करता येईल अशा ठिकाणी फोन लावा. भाडं, डिपॉझिट, पाणी किती वेळ येतं, विजेचं मीटर वेगळं आहे का, हे चार प्रश्न कागदावर समोर ठेवा. उभं राहून बोला, आवाज आपोआप मोकळा होतो.

त्यानंतर वर्गात एक प्रश्न विचारा, शेवटी दोन मित्रांसमोर खोटी मुलाखत द्या. त्या मित्रांना आधीच सांगून ठेवा की हसायचं नाही आणि मध्येच थांबवायचं नाही.

एखाद्या दिवशी जमणार नाही. फोन लावून काही न बोलता ठेवून द्याल. त्याच दिवशी एक पायरी खाली उतरा आणि ती करूनच झोपा. भीती वाटली की पळालो आणि बरं वाटलं, असं दोन-चारदा झालं की मन तेच शिकतं. जमेल तेवढा वेळ त्या जागी टिकायचं, धडधड आपोआप ओसरते.

पायरी ६: हात थरथरले तर

थरथरू द्या. २००० साली थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांचा अंदाज होता की खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल. प्रत्यक्षात आला साधारण चौथ्या हिश्शाच्या. आपला घाम, आपले हात आपल्याला जेवढे दिसतात तेवढे समोरच्याला दिसत नाहीत.

दुसरं म्हणजे, 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावू नका. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की भाषणाआधी 'मी उत्सुक आहे' असं स्वतःला मोठ्यानं सांगणाऱ्यांचं भाषण 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. छातीतली धडधड दोन्हींत सारखीच असते. तिला भीती म्हणण्याऐवजी उत्सुकता म्हणणं सोपं जातं, एकदम शांत होणं फार अवघड. पोळ्याच्या आदल्या रात्री लहानपणी झोप लागायची नाही, तेव्हाही छाती अशीच धडधडायची ना?

मुलाखत मिहानमध्ये किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत असेल तर आदल्या दिवशी एकदा तिथे जाऊन या. गेट कुठे, ऑटो कुठून मिळतो, मेट्रोतून उतरून किती चालावं लागतं, सगळं बघून घ्या. मे महिना असेल तर रुमाल आणि पाण्याची बाटली ठेवा आणि अर्धा तास आधी पोहोचून सावलीत बसा. उन्हानं धापा टाकत आत गेलात तर मनाला वाटतं आपण घाबरलोय.

पायरी ७: 'माहीत नाही' म्हणायचा सराव

हे वाक्य ताठ मानेनं म्हणता येणं ही मला धिटाईची सगळ्यांत खरी खूण वाटते. नुसतं 'नाही' म्हणून खाली बघू नका. तीन तुकडे करा: काय येत नाही, त्याच्या जवळचं काय येतं, आणि कधीपर्यंत शिकाल. "एक्सेलमधलं पिव्हट टेबल मी वापरलेलं नाही. बेरजा, सॉर्ट, फिल्टर रोज करते. आठवड्यात शिकून घेईन." शिकण्याची जी तारीख सांगाल ती पाळता येईल अशीच सांगा. नोकरी लागल्यावर तीच उधारी आधी फेडायची आहे.

ही शिडी कोणी एकट्यानं चढू नये?

काहींची गोष्ट भिडेच्या पलीकडची असते. लोकांसमोर जायचं या विचारानंच रात्र-रात्र झोप नाही, जेवण जात नाही, कॉलेजला जाणंच बंद झालं, छातीत कळ येते, जगणं नकोसं वाटतं. अशा वेळी सोंग आणू नका आणि कुणी 'जरा हिंमत कर' म्हटलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. 'मेडिकल' आणि 'मेयो' या नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, ओपीडीत सरळ जाता येतं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. मी स्वतः दोन मुलींसोबत ओपीडीच्या रांगेत उभी राहिले आहे. एकीला औषध लागलं, एकीला फक्त बोलणं पुरलं. दोघी आज नोकरीत आहेत.

पायरी ८: रात्रीच्या दोन ओळी

रोज झोपण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहा. आज काय केलं, आणि करण्याआधी भीती दहापैकी किती होती. 'पोहे घेतले, ७.' 'मेट्रोत विचारलं, ५.' मन वाईट तेवढंच लक्षात ठेवतं, त्यामुळे जमलेल्या गोष्टी लिहिल्या नाहीत तर त्या झाल्याच नाहीत असं वाटत राहतं. आकडे दररोज कमी होणार नाहीत. मागच्या वर्षीच्या एका मुलीच्या वहीत फोनपुढे ओळीनं ८, ८, ६, ९, ५, ५, ३ असे आकडे होते. त्या ९ ला ती रडत माझ्याकडे आली होती. खोलीमालक फोनवर तुसडेपणानं बोलला होता. आम्ही चहा घेतला आणि तिनं माझ्यासमोर बसून पुढचा नंबर लावला. त्याच्या पुढचा आकडा ५.

अवसान आपलं झालं हे कसं कळायचं, असंही मुलं विचारतात. एक दिवस वहीत लिहायला बसाल आणि दुपारी फोन केला होता हे आठवायलाच वेळ लागेल. त्या प्रसंगापुरतं काम झालं.

महिना झाला की पायरी १ मधलं पान काढा. उजव्या बाजूचं जे एव्हाना खरंच शिकून झालं, त्यावर रेघ मारा. उरलेल्यांपैकी एक पुढच्या महिन्यासाठी निवडा, त्यासाठी लागणारी पहिली दोन वाक्यं लिहा, आणि ती म्हणून पाहायला गच्चीवर जा.